कूलर चालतो, म्हणजे तो सुरक्षित असतो असे नाही

घरातील विजेचे जीवघेणे अपघात बहुधा उपकरण बंद पडल्यावर होत नाहीत. ते उपकरण व्यवस्थित चालू असतानाच होतात. बालाघाट, गोंदिया, भंडारा, नागपूर या सलग पट्ट्यात उन्हाळाभर चालणारा लोखंडी पत्र्याचा कूलर हे त्याचे ठळक उदाहरण. पारा चाळिशी ओलांडू लागला की माळ्यावरचे, अडगळीतले कूलर खाली उतरतात. वर्षभर पडून राहिल्याने पंप जाम झालेला असतो, वायर उंदरांनी कुरतडलेली असते, प्लगची एखादी पिन तुटलेली असते. घरातलेच कोणीतरी पक्कड आणि चिकटपट्टी घेऊन बसते, वायरींना पीळ देते, पट्टी गुंडाळते. पंखा फिरला, वाळ्यावर पाणी पडू लागले की काम झाले असे मानले जाते. या दुरुस्तीत एकच गोष्ट तपासली गेलेली असते, ती म्हणजे कूलर चालतो की नाही. उद्या त्यात बिघाड झाला तर घरातली माणसे वाचतील का, हे तपासायचे राहूनच जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा देशात दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो, आणि सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत मध्यप्रदेशाचे नाव सातत्याने असते. या आकड्यात तुटलेल्या तारा, शेतातले पंप, कुंपणात सोडलेला प्रवाह असे सगळेच अपघात येतात. घरातले अपघात मात्र थोड्या समजुतीने टाळता येण्याजोगे असतात.

शरीरातून प्रवाह जातो तेव्हा

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. माणसाला इजा होते ती शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे, आणि हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात, मूठ आपोआप आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वसनाचे स्नायू जखडू शकतात. ५० ते १०० मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतेच थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, यावरून हे आकडे किती लहान आहेत ते ध्यानात यावे.

कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, म्हणून कोरड्या हाताला कधीतरी नुसता झटका बसून सुटका होते. त्वचा ओली झाली की हा रोध हजार ओहमच्या आसपास येतो आणि २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहू शकतात. कूलरमध्ये बादलीने पाणी भरणाऱ्याचे हात ओले असतात, पाय अनवाणी असतात आणि फरशीवर पाणी सांडलेले असते. धोक्याच्या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात.

अर्थिंग कुठे कमी पडते

कूलरच्या वायरीत तीन तारा असायला हव्यात: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. चालण्यासाठी त्याला पहिल्या दोनच पुरतात. त्यामुळे तिसरी तार तुटलेली असो वा मुळात लावलेलीच नसो, कूलर तसाच थंड हवा देत राहतो. मग एक दिवस ओलाव्याने मोटारीच्या वेटोळ्यावरचा लेप उतरतो, किंवा पंपाची वायर पत्र्याच्या धारदार कडेला घासून सोलली जाते, आणि फेज थेट पत्र्याला टेकते. अर्थ तार नसेल तर प्रवाहाला जमिनीत जायला वाटच नसते, म्हणून एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पुरवठा तोडणारा खटका, पडत नाही. सगळा पत्रा २३० व्होल्टवर येऊन उभा राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे जो त्याला हात लावील, त्याच्या शरीरातून ती वाट तयार होते.

अर्थ तार जोडलेली असली तरी तिची दुसरी बाजू, म्हणजे अंगणातला अर्थिंगचा खड्डा, चांगल्या स्थितीत हवा. खड्ड्यात पाइप किंवा प्लेट पुरून भोवती कोळसा व मीठ भरतात, कारण त्याने माती ओलसर राहते आणि ओलसर माती प्रवाह सहज वाहून नेते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन वाळते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणजे कूलर जेव्हा रात्रंदिवस चालतो, नेमके तेव्हाच अर्थिंग सर्वांत कमजोर असते. समजा रोध ५० ओहमवर गेला, तर बिघाड झाल्यावर ४.६ अँपिअरच वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा भार वाटतो, ती पडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो.

ही उणीव आरसीसीबी भरून काढते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, की ती सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडते. एमसीबी वायरिंगला अतिरिक्त प्रवाहापासून वाचवते, आरसीसीबी माणसाला वाचवते. दोन्हींचे काम वेगळे असल्याने एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. आरसीसीबीलाही मर्यादा आहेच. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर दोन्ही तारांतला प्रवाह समान राहतो आणि तिला काहीच कळत नाही. त्यामुळे आरसीसीबी बसवली म्हणून चालू लाइनवर काम करता येत नाही.

घरच्या दुरुस्तीतल्या नेहमीच्या चुका

सर्वांत घातक चूक म्हणजे सॉकेटच्या अर्थ पिनेला न्यूट्रलची तार जोडून देणे. वेगळी अर्थिंग करायचा खर्च वाचतो आणि टेस्टरही काही दाखवत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल अदलाबदल झाले, की थेट किंवा मोटारीतून वा दिव्यातून आलेला फेज त्याच तारेवाटे कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर पोहोचतो. बिघाड दुसरीकडेच असतो, धक्का मात्र चांगल्या उपकरणाला हात लावणाऱ्याला बसतो.

दुसरी चूक म्हणजे खटका फेजऐवजी न्यूट्रलवर घेणे. बटण बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच असतो आणि बल्ब बदलणाऱ्याच्या बोटाशी येतो. तिसरी चूक जुन्या घरांत दिसते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याच्या चार तारा पिळून घातल्या जातात. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा माचिसच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणे हीदेखील याच जातीची चूक.

सांध्यांचा धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मलाजखंडच्या खाणीमुळे बालाघाट जिल्हा तांब्यासाठी देशभर ओळखला जातो, पण जुन्या घरांच्या भिंतींतून ॲल्युमिनियमच्याच वायरी गेलेल्या आढळतात. नवी तांब्याची तार अशा जुन्या तारेला नुसती पिळून जोडली, तर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो, ॲल्युमिनियमवर न वाहणारा थर चढतो आणि सांधा सैल होतो. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर त्या एका ठिकाणी ५० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न शिसे वितळवते, हे पाहता बोर्डाच्या आत काय होत असेल याची कल्पना यावी. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकण्यासाठी बनवलेले असते. प्रवाह नेहमीइतकाच असल्याने एमसीबीला याचा पत्ता लागत नाही.

टेस्टरवरचा विश्वासही असाच फसवा असतो. त्यातला निऑन दिवा लागला तर फेज आहे हे कळते. तो लागला नाही तर फेज नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. टेस्टर बिघडलेला असू शकतो किंवा माणूस कोरड्या लाकडावर उभा असू शकतो. मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरवरच्या लाइनी चालूच राहतात. पंख्याच्या आणि पंपाच्या कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यानंतरही विद्युतप्रभार साठून राहू शकतो.

कायद्याने आखलेली रेषा

घरमालकाने काय करावे आणि काय करू नये, हे भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये स्पष्ट केले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही तीच रेषा कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, खटका किंवा घरगुती उपकरण बदलणे यांसारखी, जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी कामे परवानाधारकाकडूनच करून घेण्याच्या अटीतून वगळली आहेत. नवी लाइन ओढणे, वाढीव सॉकेट घेणे, मीटरपासूनच्या वायरिंगमध्ये फेरफार करणे ही कामे राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हायला हवीत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे प्रशिक्षण दोन वर्षे चालते. चालू वायरिंगमधला न दिसणारा दोष शोधून काढणे हा त्यातला एक भाग आहे. खांबावरची तार किंवा मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर तर खाजगी इलेक्ट्रिशियननेही हाताळायची नसते. ते काम वितरण कंपनीचे असून तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

धक्का बसल्यास

कोणी चिकटले असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची यांनी त्या व्यक्तीला दूर ढकलावे. उघड्या हाताने ओढू नये. श्वास थांबला असेल तर १०८ वर कळवून लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. माणूस उठून बसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड नंतरही उद्भवू शकतो.

प्रत्येक घराने उन्हाळ्याआधी चार कामे करावीत. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कूलरला तीन पिनांचाच प्लग लावावा. आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही, कारागीर लागत नाही. घरातल्या लहानथोर सर्वांनी ते आजपासून पाळावे.