उतारवयातील व्यायाम

वय झाले की माणसाने स्वस्थ बसावे, अशी पुष्कळांची समजूत असते. घरातील मंडळी मायेने आजीच्या हातातील कळशी काढून घेतात, आजोबांना जिना चढू देत नाहीत. या मायेने त्यांचे हितच होते असे नाही. न वापरलेला स्नायू झिजतो. मग खुर्चीतून उठण्यासही आधार लागतो, तोल सावरत नाही आणि एखाद्या दिवशी उंबऱ्याला पाय अडखळून माणूस पडतो. मुलाचा गुडघा अशा वेळी नुसता खरचटतो. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे ठिसूळ हाड मोडते.

शस्त्रक्रिया, औषधे आणि इस्पितळातील मुक्काम यांचा खर्च सर्वांना दिसतो. परंतु शुश्रूषेसाठी घरातील कोणी कामधंदा सोडून बसले, तर त्याची बुडालेली मिळकत सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

झिजलेला स्नायू म्हातारपणी पुन्हा बळकट होतो काय? अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांकडून पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, आठ आठवडे तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची शक्ती सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांनी तर काठीच टाकली!

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकतज्ज्ञांनी घरच्या घरी करण्याजोगे व्यायाम योजले : घोट्याला लहानसे वजन बांधून पाय उचलणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावीत सरळ रेषेत चालणे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पंचाहत्तरी गाठलेली २४० माणसे होती. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना परिचारिकेने घरी जाऊन हे व्यायाम शिकविले. वर्षभरात त्यांचे पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी भरले. पडून झालेल्या दुखापतीमुळे इतरांपैकी पाच जणांना इस्पितळात ठेवावे लागले. व्यायाम करणाऱ्यांपैकी एकालाही नाही. एक पडणे टाळण्यास तेथील सुमारे १,८०० डॉलर लागले, परंतु इस्पितळाचा वाचलेला खर्च वजा जाता ही रक्कम सुमारे १५५ डॉलरच उरली.

हृदयविकार असणाऱ्याने आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. तोल साधेपर्यंत हाताशी भक्कम आधारही हवा. त्यासाठी ओट्याची कड चालते. नातवाचा खांदाही चालतो.