दगडं शिकून का होते? मलाजखंडच्या पोराची गोष्ट



गेल्या बैठकीत तलावाच्या ठेक्याचा विषय आटोपला. चहा येईस्तोवर मलाजखंडकडच्या एका सभासद भाऊंनी घरची गोष्ट काढली. पोरगा बारावी सायन्स पास झाला, आता त्याला भूशास्त्र घ्यायचं आहे. "दगडं शिकून का होते जी? खाणीत लागायचं तर आयटीआय बरं. नाही तर डोंगा आहेच घरी." सगळे हसले, पण धड उत्तर कोणापाशी नव्हतं. आमच्यापाशीही नव्हतं. म्हणून थोडी विचारपूस केली, थोडं वाचलं. ते इथं मांडतो.

आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत भूशास्त्र एकीकडे आणि अवकाश विज्ञान दुसरीकडे असतं. नागपूर विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, सागरच्या विद्यापीठातही आहे. पुण्याच्या विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा वेगळा विभाग आहे. दोन्ही एकाच छपराखाली पाहायचं तर तिरुवनंतपुरमला अवकाश खात्याची संस्था आहे, आयआयएसटी, 2007 सालची. तिथं 'पृथ्वी आणि अवकाश विज्ञान' नावाचाच विभाग आहे. ग्रहताऱ्यांचा अभ्यास, पृथ्वीचं हवापाणी आणि उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे काढणं, हे सगळं तिथं चालतं.

हे विभाग आपली उद्दिष्टं मोठ्या मोठ्या शब्दांत सांगतात. साध्या बोलीत सांगायचं तर जमीन कशी बनली, तिच्यात काय आहे, पाणी कुठून येतं नि कुठं जातं, वरून काय संकट येणार, हे मोजून सांगायचं आणि सांगणारी पोरं तयार करायची.

आता मलाजखंडचंच घ्या. तिथली तांब्याची खाण हिंदुस्थान कॉपरची, 1982 पासून चालू. वरून पाहिलं तर डोंगर पोखरून केलेला पायऱ्यापायऱ्यांचा भला मोठा खड्डा. त्या तांब्याच्या दगडाचं वय शास्त्रज्ञांनी त्यातल्याच एका खनिजावरून काढलं, ते सुमारे 249 कोटी वर्षं निघालं. तेव्हा पृथ्वीवर मासा जन्मायचा होता. रोहू-कटल्याचं सोडा, काटा असलेलं कुठलंच जनावर नव्हतं.

ऐकायला गंमत वाटते, पण हा दगड आपल्या धंद्याला थेट भिडतो. तांब्याच्या दगडात गंधक असतो. असा दगड फुटून उघडा पडला, त्याला हवा नि पाणी लागलं, की पाणी आंबट होतं आणि तांबं त्यात उतरतं. मलाजखंडच्या खाणीतून निघणाऱ्या अशा पाण्यावर संशोधकांनी अभ्यास केलेला आहे, 2007 मध्ये त्यावर शोधनिबंधही आला.

तांब्याचं पाणी माशाला काय करतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. शेवाळ मारायला तलावात टाकतो आणि हात जरा सैल सुटला तर सकाळी मासे पालथे. आधी कल्ल्यांवर मार बसतो. चुन्याचा अंश कमी असलेल्या मऊ पाण्यात तोच डोस जास्त जहर होतो, हेही जुन्या माणसांना माहीत आहे. बीज सोडायच्या आधी आपण चुना टाकतो तो काही उगाच नाही. पण अमुक नाल्यात तांबं किती, पावसाळ्यात किती नि उन्हाळ्यात किती, हे अंदाजानं सांगता येत नाही. त्याला बाटल्या भरून नेणारा, यंत्रावर मोजणारा आणि आकडा वाचता येणारा माणूस लागतो. आपल्या घरात असा एकही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची. आपल्या एकाच बालाघाट जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. मलाजखंडकडचं बंजर नदीतून मंडल्याजवळ नर्मदेला मिळतं आणि पश्चिमेच्या समुद्राला जातं. बालाघाट शहराकडचं वैनगंगेतून, पुढं प्राणहिता-गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात. म्हणून मलाजखंडच्या भाऊंचं संकट वेगळं नि आपल्या वैनगंगेवाल्यांचं वेगळं.

वैनगंगेवाल्यांना 2020 चा ऑगस्ट आठवतच असेल. महिनाअखेरीस वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, धरणांचं पाणी सुटलं आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. आता विचार करा, डोंगे वर ओढायला, जाळी काढायला माणसाला किती तास आधी कळायला हवं? ढग उपग्रहाला दिसतो, पावसाचे थेंब रडारला दिसतात. पण पडलेल्या पाण्यातलं जमिनीत किती मुरेल आणि नदीत किती धावेल, हे खालचा दगड नि माती ठरवते. आभाळवाला आणि दगडवाला एकत्र बसल्याशिवाय तो हिशेब लागत नाही.

तसं पाहिलं तर लोणारही त्यातलंच. आभाळातून दगड पडून काळ्या पाषाणात पडलेला खड्डा, त्यात तलाव, आणि पाणी इतकं खारं-क्षारी की मासे टिकत नाहीत. मच्छीमाराच्या काही कामाचा नाही! पण चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथं येतात.

आणि हे आभाळाचं शास्त्र आपल्या लोकांना परकं आहे असं कोणी समजू नये. भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्याहून उडालं. थुंबा म्हणजे मच्छीमारांचं गाव. त्या कोळ्यांनी घरं सोडली, चर्च दिलं, त्याच चर्चमध्ये रॉकेटवाल्यांचं पहिलं ऑफिस बसलं. आज समुद्रातल्या होडीवाल्याला मासळी कुठं सापडेल याचा सल्ला हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मिळतो, तो उपग्रहानं पाहिलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरून काढलेला असतो. आपल्या गोड्या पाण्याच्या तलावांसाठी मात्र तसं काही अजून हाताशी आलेलं नाही, याची आम्हाला खंत आहे.

खरं तेही सांगतो. भूशास्त्र शिकला की नोकरी ठेवलेलीच असं नाही. बी.एस्सी.वर भागत नाही, एम.एस्सी. करावी लागते, म्हणजे पाच वर्षं. फिरती असते, डोंगरात राहावं लागतं. नोकऱ्या आहेत त्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, भूजल खात्यात, खाणींत, पण परीक्षा कठीण. भाऊंच्या घरी डोंगा चालवणारा दुसरा हात नाही, ही अडचण खरी आहे, तिला आम्ही हसत नाही.

हे सगळं आम्ही भाऊंना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या नाल्याचं पाणी तो स्वतः तपासून सांगन का?" आम्ही म्हटलं, पाच वर्षांनी सांगेल. परवा त्यांचाच फोन आला, नागपूरला होस्टेलचा नि खानावळीचा खर्च महिन्याला किती येतो म्हणून. ज्यांची पोरं तिकडं शिकतात त्यांनी आम्हाला लवकर कळवा, फॉर्मची तारीख जवळ आली आहे.