आमच्या संघाचा मालक कोण?

पोलादाच्या गावातला बर्फावरचा एक हंगाम. तो खेळला भावाने, टिपून ठेवला बहिणीने आणि जपला गावाने.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं मैदान आणि आठवतात ध्यानचंद! पण अमेरिकेत किंवा कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं, तर समोरचा माणूस बर्फावरचीच हॉकी समजतो. पायात पात्याचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती. प्रत्येक संघाचे सहा जण एका वेळी बर्फावर, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव आणि वेग असा की नजर ठरत नाही. या खेळाची आणखी एक गंमत म्हणजे मारामारी केली तरी खेळाडूला लगेच घरी पाठवत नाहीत. पाच मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसवतात आणि पुन्हा सोडतात!

या खेळातली सर्वांत मोठी लीग म्हणजे एनएचएल. पैसा, प्रसिद्धी, टीव्ही सगळं तिथे. तिच्याखाली असतात छोट्या व्यावसायिक लीग. तिथले खेळाडूही पगारी, पण पगार बेताचा. प्रवास विमानाने नाही, बसने. आज संघात आहोत, उद्या असू की नाही याची खात्री नाही. अशाच एका छोट्या लीगमधल्या एका हंगामाची ही गोष्ट आहे.

धूर, नदी आणि बर्फ

पेनसिल्व्हेनिया राज्यात डोंगरांच्या खोबणीत वसलेलं जॉन्सटाउन हे गाव. दोन नद्या इथे एकत्र येतात. या पाण्यानेच गावाचं नाव जगभर पोचवलं, पण ते दुर्दैवाने. १८८९ साली वरच्या अंगाचं धरण फुटलं आणि दोन हजार दोनशेहून अधिक माणसं वाहून गेली. गाव पुन्हा उभं राहिलं ते पोलादाच्या जिवावर. बेथलहेम स्टील कंपनीच्या भट्ट्या धगधगायच्या आणि त्यांच्यावर घरोघरच्या चुली पेटायच्या.

पाळी संपवून आलेल्या कामगाराला हिवाळ्याच्या रात्री जायला एक जागा होती. १९५०मध्ये उघडलेलं वॉर मेमोरियल स्टेडियम. आत कृत्रिम बर्फ आणि बर्फावर गावाचा लाडका संघ, ‘जॉन्सटाउन जेट्स’. चार हजारांच्या आसपास माणसं मावणाऱ्या त्या जागेत गाव दमून यायचं आणि ओरडून ओरडून मोकळं होऊन घरी जायचं.

पण १९७०नंतर दिवस पालटू लागले. जुन्या भट्ट्या परवडेनात, कामगारकपातीच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या गावात कारखान्याचीच शाश्वती नाही, तिथे हॉकीच्या संघाची काय कथा?

चष्मेवाले तीन भाऊ

अशा वातावरणात १९७४-७५चा हंगाम सुरू झाला. जेट्स तेव्हा ‘नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग’मध्ये खेळत. ही लीग जेमतेम एक वर्षाची होती. प्रतिस्पर्धी सिरॅक्यूज, बिंगहॅमटन, फिलाडेल्फिया, थेट मेन राज्यातलं लुइस्टन असे दूरदूरचे. सामना संपवायचा, बसमध्ये अंग टाकायचं आणि रात्रभर हायवे मोजायचा. एका हंगामात सत्तरच्या वर सामने! बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट नसे. कपाळावर टाके आणि तोंडात एखाद-दोन दात कमी, ही या धंद्याची ओळखच होती.

त्या वर्षी मिनेसोटा राज्यातून तीन सख्खे भाऊ संघात आले. जेफ, जॅक आणि स्टीव्ह कार्लसन. उंचेपुरे, लांब केसांचे आणि तिघांच्याही डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचे चष्मे. दिसायला अभ्यासू विद्यार्थी, पण बर्फावर उतरले की वादळ! ते आडवे येणाऱ्याला आडवा करत. त्यांच्या जोडीला डेव्ह हॅन्सन नावाचा आणखी एक दणकट गडी होता. लोकांना गोल आवडत होतेच, पण ठोसे त्याहून जास्त आवडत होते. तिकिटं त्यावरच खपत होती.

इथेच छोट्या लीगचं दुखणं लपलेलं होतं. या मुलांना मारामारीची हौस होती असं म्हणून भागणार नाही. वर जायचं असेल तर कुणाच्या तरी नजरेत भरायला हवं. कौशल्यात आपल्यापेक्षा सरस असे शेकडो जण रांगेत असताना काहींच्या हाती एकच भांडवल उरतं, स्वतःचं शरीर. ते पणाला लावायचं आणि बोलावण्याची वाट बघायची.

बहिणीचा टेपरेकॉर्डर

याच संघात नेड डाउड नावाचा एक खेळाडू होता. कॉलेजातून शिकून आलेला. त्याची बहीण नॅन्सी डाउड पटकथा लिहायची. त्या हंगामात एकदा नेडने तिला फोन केला. संघ विकायला निघाल्याची कुणकुण त्याच्या कानावर आली होती. बहिणीने साधा प्रश्न विचारला, तुमचा मालक कोण? नेडला सांगता येईना. ज्याच्या पगारावर आपण जगतो, ज्याच्यासाठी दात पाडून घेतो, तो माणूस कोण हेच त्याला माहीत नव्हतं!

नॅन्सीच्या मनात हा प्रश्न रुतून बसला. ती सरळ जॉन्सटाउनला येऊन राहिली. खेळाडूंच्या बायकांशी, मैत्रिणींशी बोलली. पुरुषांच्या खोलीत तिला प्रवेश नव्हता, म्हणून तिने भावाच्या हाती टेपरेकॉर्डर दिला. कपडे बदलण्याच्या खोलीतलं आणि बसमधलं बोलणं टेपवर उतरू लागलं. शिव्या, चेष्टा, थट्टेच्या आड दडलेली भीती सगळं जसंच्या तसं.

इकडे बर्फावर भलतंच घडलं. जेट्स काही त्या लीगमधला पहिल्या क्रमांकाचा संघ नव्हता. पण बाद फेरीत त्यांनी बलाढ्य सिरॅक्यूजला हरवलं आणि अंतिम फेरीत बिंगहॅमटनच्या संघाला सलग चार सामन्यांत लोळवून लॉकहार्ट चषक जिंकला. ज्याच्या विक्रीच्या वावड्या उठत होत्या, तोच संघ विजेता ठरला. गावाला आनंद साजरा करायला हक्काचं निमित्त मिळालं.

पडद्यावरचं गाव

नॅन्सीच्या पटकथेवर ‘स्लॅप शॉट’ हा चित्रपट तयार झाला. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल आणि नायक साक्षात पॉल न्यूमन! १९७६मध्ये चित्रीकरणासाठी युनिट जॉन्सटाउनलाच आलं. गावाचं नाव बदलून ‘चार्ल्सटाउन’ केलं होतं आणि संघाचं ‘चीफ्स’. पन्नाशी ओलांडलेला न्यूमन बर्फावर उतरला आणि जेट्सचे खरे खेळाडू त्याच्या आसपास खेळले.

तीन चष्मेवाले भाऊ पडद्यावर ‘हॅन्सन ब्रदर्स’ झाले. त्यातही नशिबाचा खेळ बघा. जॅक कार्लसनला ऐन वेळी वरच्या लीगमधून एडमंटन संघाचं बोलावणं आलं. मोठ्या लीगची संधी आली आणि सिनेमाची गेली. त्याच्या जागी तिसरा भाऊ म्हणून उभा राहिला डेव्ह हॅन्सन. नेडनेही त्यात एका भयंकर खेळाडूची छोटी भूमिका केली.

चित्रपट विनोदी असला तरी त्याच्या पोटात दुखणं होतं. कारखाना बंद पडणार, म्हणून संघही बंद पडणार. शेवटी नायकाला मालक सापडतो. ती असते एक श्रीमंत बाई. संघ विकता आला असता, पण गुंडाळला तर करात जास्त सूट मिळते, असा तिचा सरळ हिशेब! इतकी रांगडी, शिवराळ भाषा एका बाईने लिहिली याचंच तेव्हा अनेकांना नवल वाटलं. त्याच नॅन्सीला पुढे ‘कमिंग होम’ या चित्रपटाच्या लेखनासाठी सहलेखकांसोबत ऑस्कर मिळालं.

पुन्हा पाणी

‘स्लॅप शॉट’ फेब्रुवारी १९७७मध्ये झळकला आणि पाचच महिन्यांनी, जुलैच्या एका रात्री जॉन्सटाउनवर पुन्हा आभाळ फाटलं. एका रात्रीत सुमारे फूटभर पाऊस पडला, धरणं फुटली आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. वॉर मेमोरियलमधली बर्फ तयार करणारी यंत्रसामग्री पाण्याने निकामी झाली. जेट्स संघ संपला. ती लीगही त्याच वर्षी मिटली. पडद्यावर कागदाच्या हिशेबाने जे होणार होतं, ते प्रत्यक्षात पुराने केलं.

पोलादाचे दिवसही उरले नाहीत. १९९२मध्ये बेथलहेमने इथून अंग काढून घेतलं. १९७०मध्ये गावाची वस्ती बेचाळीस हजारांवर होती, २०२०च्या जनगणनेत ती अठरा हजारांच्या आसपास भरली.

खेळाडूंचं काय झालं? जॅक, स्टीव्ह आणि डेव्ह हॅन्सन तिघेही कधी ना कधी एनएचएलच्या बर्फावर उतरले. स्टीव्हच्या वाट्याला तिथे एकच हंगाम आला, हॅन्सनच्या वाट्याला तर जेमतेम तेहतीस सामने. पण लोक त्यांना ओळखतात ते चष्मे घातलेले हॅन्सन ब्रदर्स म्हणूनच!

गावाने मात्र एक नवलाची गोष्ट केली. १९८८च्या सुरुवातीला वॉर मेमोरियलमध्ये पुन्हा व्यावसायिक संघ उभा राहिला, तेव्हा त्याला नाव दिलं ‘जॉन्सटाउन चीफ्स’. सिनेमातल्या खोट्या संघाचं नाव खऱ्या संघाला! पुढे त्याचा प्रशिक्षकही झाला तोच स्टीव्ह कार्लसन. हे चीफ्स २०१०पर्यंत टिकले. मग पैशांचं गणित जुळेना आणि संघ दक्षिणेकडच्या ग्रीनव्हिल शहरात गेला. २०१२मध्ये ‘टॉमहॉक्स’ हा तरुण मुलांचा संघ इथे आला आणि त्याच जुन्या छताखाली पुन्हा पात्यांचा आवाज घुमू लागला.

मालक आले, मालक गेले. त्यातल्या कितींची नावं आज गावाला आठवत असतील? पण १९७४-७५च्या त्या हंगामातले चष्मेवाले भाऊ विचारा. जॉन्सटाउनमध्ये त्यांची गोष्ट सांगायला कुणीही थांबेल. नॅन्सीच्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत एक असेल. वॉर मेमोरियलच्या बाकांवर बसून ओरडणाऱ्यांकडे मात्र ते कायमच वेगळं होतं.