रिंगणातील अश्व आणि आमचा कॅमेरा

चिरंजीवांनी दिलेला डिजिटल कॅमेरा घेऊन आम्ही चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींच्या उभ्या रिंगणास गेलो. दुतर्फा वारकरी, मधून धावणारे दोन अश्व. एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तीवर माउली आरूढ आहेत हा भाव. आम्ही कळ दाबली. चित्रात उमटली धूळ आणि पुसट शेपूट!

दोष आमचाच. सारे यंत्रावर सोपविल्याने आषाढाच्या अंधुक उजेडात झडप १/६० सेकंद उघडी राहिली. धावत्या अश्वास १/१००० सेकंद हवा. त्यासाठी आयएसओ ८०० वा त्याहून अधिक ठेवावा लागतो. शिवाय कळ आधी अर्धी दाबून, फोकस अश्वाबरोबर फिरता ठेवावा. टाळ समेवर पडावा म्हणून हात आधीच उचलावा लागतो. कीर्तनात जन्म घालविलेल्या आम्हांस हे निराळे का शिकावे लागले, कोण जाणे!

पुढे सदाशिवनगरच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व चारही पाय अधांतरी असा सापडला. इवल्या पडद्यावर ते चित्र आम्ही न्याहाळीत होतो, तोवर टापांखालची माती कपाळी लावण्यास सारा समुदाय धावला होता. परतणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आपल्या बोटावरची माती आमच्या कपाळी लावली, तेव्हा कुठे कॅमेरा खाली आला.