मुन्नारच्या भागधारक मजूरणी

जॉन डॅनियल मन्रोने १८७७ मध्ये पुंजारच्या राजाकडून कण्णन देवनचे डोंगर खंडाने घेतले, तेव्हा मुन्नार परिसरात चहाची लागवड नव्हती. कॉफी झाली, सिंकोना झाला. १८८० मध्ये चहा आला आणि त्याने हळूहळू बाकीच्यांना हुसकावले. डोंगर त्रावणकोर संस्थानातले, पण खुडणीला माणसे आणली तमिळ मुलखातून. मालाची वाटही तिकडेच उतरत होती. बैलांनी ओढायची एकरुळी गाडी टॉप स्टेशनपर्यंत, तिथून रोपवेने खाली आणि पुढे तुतिकोरिन बंदर. १९०८ मध्ये एकरुळी जाऊन छोटी रेल्वे आली. १९२४ च्या महापुराने ती उद्ध्वस्त केली आणि ती पुन्हा कधी धावली नाही.

मळे चालवणारी फिन्ले कंपनी गेली, टाटा आले. मजुरांच्या चाळी त्याच राहिल्या.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस चहाचे भाव कोसळले आणि टाटा टीने मळे चालवण्यातून अंग काढून घ्यायचे ठरवले. २००५ मध्ये नवी कंपनी निघाली. तिचे बहुतांश भाग बारा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी घेतले. खुडणाऱ्या बाया कागदोपत्री मालकीण झाल्या. प्रयोग खरोखर धाडसाचा होता, आणि कंपनी तरलीही.

पण मालकिणीची दिवसाची मजुरी २०१५ मध्ये होती २३२ रुपये. त्या वर्षी बोनस वीस टक्क्यांच्या आसपासवरून थेट दहावर आला, आणि सप्टेंबरमध्ये हजारो बाया रस्त्यावर बसल्या. कोची-धनुष्कोडी महामार्ग ठप्प झाला. विशेष म्हणजे त्यांनी कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनाही हाकलले. एवढी वर्षे वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या नावाने कोण बसत होते, हे त्यांना ठाऊक होते. ‘पेंपिळै ओरुमै’, म्हणजे बायांची एकजूट, हे नाव केरळभर गाजले. नवव्या दिवशी सानुग्रह रक्कम धरून वीस टक्के पदरात पडले. मजुरी पाचशे करण्याची मागणी मात्र ३०१ वर अडली. स्वतःच्याच कंपनीविरुद्ध भागधारकांनी असा संप करावा, हे कोणत्याही ताळेबंदात न मावणारे प्रकरण आहे.

दरम्यान गाव पर्यटनावर पोसू लागले होते. हॉटेले, जीपा, मसाल्यांची दुकाने. २०१८ मध्ये बारा वर्षांनी नीलकुरिंजी फुलणार म्हणून सगळे सज्ज होते, तर ऐन हंगामात पूर आला.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टीमुडीच्या मळ्यात दरड कोसळून मजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या. ७० जण दगावले. वाचलेल्या काही कुटुंबांना कुट्टियार खोऱ्यात घरे मिळाली. मळ्यातल्या इतरांचे छप्पर आजही नोकरीशी बांधलेले आहे: घरातले कोणी कामावर नसेल, तर निवृत्तीनंतर खोली सोडावी लागते, भाग नावावर असले तरी.