दुपट्यापासून कोरड्या रात्रीपर्यंत

बाळाच्या लघवीची सुरुवात जन्माच्या कितीतरी आधी होते. गर्भाची मूत्रपिंडे नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास लघवी तयार करू लागतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळ ज्या गर्भजलात असते, त्याचा मोठा भाग बाळाच्या लघवीचाच असतो. म्हणूनच सोनोग्राफीत गर्भजल फार कमी दिसले, तर डॉक्टर बाळाची मूत्रपिंडे आणि मूत्रमार्ग नीट पाहून घेतात.

जन्मल्यावर बहुतेक बाळे 24 तासांच्या आत पहिली शू करतात. 48 तास उलटूनही दुपटे कोरडेच राहिले, तर तपासणी हवीच. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुपट्यावर कधी विटकरी-गुलाबी डाग पडतो आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तो बहुधा रक्ताचा नसतो, युरेटच्या स्फटिकांचा असतो. अंगावरचे दूध पुरेसे जाऊ लागले की तो दिसेनासा होतो.

तान्हे बाळ तासाला साधारण एकदा, म्हणजे दिवसाकाठी वीसेक वेळा शू करते. त्याचे मूत्राशय इवलेसे असते. वजनाच्या किलोंना 7 ने गुणले की त्याची क्षमता ढोबळमानाने मिलिलिटरमध्ये मिळते. तीन किलोच्या बाळात ती 21 मिलिलिटर, जेमतेम चार छोटे चमचे. शिवाय आहार सगळा दुधाचा आणि मूत्रपिंडांना लघवी दाट करणे अजून पुरते जमत नसते.

लघवी होण्यासाठी दोन स्नायूंचे जुळावे लागते. मूत्राशय भरत असताना त्याच्या भिंतीचा स्नायू सैल आणि तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे आवळलेले असते. रिकामे होताना भिंत आकुंचन पावते आणि कडे सैल पडते. हा मेळ मेंदूच्या तळाशी असलेले एक केंद्र मज्जारज्जूमार्फत साधते. नवजात बाळात तो कच्चा असतो. लंगोट बदलताना नीट पाहिले, तर पाय झाडणारे बाळ क्षणभर स्तब्ध होते, धार सुटते, मध्येच तुटते आणि थोड्या वेळाने पुन्हा येते. कडे अवेळी आवळल्यामुळे असे होते. थोडी लघवी आत उरतेही. मात्र निरोगी बाळाचे मूत्राशय काही तासांत एकदा तरी पूर्ण रिकामे होते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत ही तुटक धार अधिक आढळते.

तान्ह्याची लघवी म्हणजे मज्जारज्जूची निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, मेंदूचा तिच्याशी संबंध नाही, असे पाठ्यपुस्तके फार काळ सांगत आली. ते चूक होते. झोपलेल्या बाळांच्या मेंदूचे आलेख घेतले तेव्हा शू होण्याआधी बाळ चाळवते, मेंदूची लय बदलते, असे दिसून आले. आयांना हे अनुभवाने ठाऊक होतेच. बाळाला दोन पायांवर धरून ‘शूऽऽ’ करणारी आजी याच संकेतावर भिस्त ठेवते. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात अशा सवयीने पाच-सहा महिन्यांची बाळे बऱ्याच अंशी कोरडी राहत असल्याची नोंद 1977 साली प्रसिद्ध झाली. व्हिएतनाममध्ये बाळाला शू करवताना आया शीळ घालतात.

पुढे मूत्राशय वाढते, लघवीच्या वेळा कमी होतात. बहुतेक मुले आधी शू झाल्यावर सांगतात, मग होत असताना, आणि शेवटी होण्याआधी. धरून ठेवणे आणि मनात आल्यावर सोडणे, दोन्ही साधायला मेंदूचा पुढचा भाग परिपक्व व्हावा लागतो. दिवसाचा ताबा साधारण दोन ते चार वर्षांत येतो. चार वर्षांच्या मुलाचे मूत्राशय सुमारे 180 मिलिलिटर धरते. रात्रीचा ताबा सर्वांत शेवटी येतो, कारण त्यासाठी झोपेत लघवी कमी तयार होणे आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग येणे, यांतले निदान एक तरी साधावे लागते.

धार सतत थेंबथेंब येणे, शू करताना बाळाने जोर लावणे किंवा रडणे, कारण न सापडणारा ताप ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. काही मुलग्यांत मूत्रमार्गातला जन्मजात पडदा धार अडवतो आणि वेळीच उपचार न झाल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, आणि ते मुद्दाम करत नाहीत. त्यांना रागावू नका, चारचौघांत लाजवू नका.