बुरख्याआडचा चेहरा

चाकण, भोसरी किंवा वाकडच्या पोलिसांनी एखादी टोळी पकडली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरावीक फोटो येतो. पुढे जप्त केलेल्या दुचाकी नाहीतर कोयते, मागे अधिकारी-अंमलदार आणि त्यांच्या मधोमध काळे बुरखे घातलेली माणसं. लाजेपोटी तोंड झाकलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण या माणसांना अजून ओळख परेडला उभं राहायचं असतं, आणि तोवर त्यांचा चेहरा साक्षीदाराच्या नजरेला पडून चालत नाही.

परेड लागते ती अनोळखी आरोपीसाठी. ‘भावकीतल्या अमक्याने मारलं’ असं फिर्यादीनेच सांगितलं, तर परेडला काही अर्थ उरत नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मात्र अनोळखी चेहऱ्यांचीच गर्दी. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसं राहतात. रात्रपाळी सुटल्यावर वाटेत कुणाचा मोबाईल हिसकावला गेला, तर त्याला सांगता येतं ते एवढंच: दोन अनोळखी इसम, मोटारसायकलवर. फिर्यादीत वर्णन उतरतं – अंगाने सडपातळ, रंग सावळा, वय अंदाजे पंचवीस. परेडमध्ये साक्षीदाराने दाखवलेला माणूस या वर्णनाशी ताडून पाहिला जातो, म्हणून पहिल्याच दिवशी लिहून घेतलेलं वर्णन फार मोलाचं.

आरोपी पोलीस कोठडीत, म्हणजे ‘पीसीआर’मध्ये असेपर्यंत पोलीस त्याची चौकशी करतात. न्यायालयीन कोठडी, म्हणजे ‘एमसीआर’ मिळाली की तो कारागृहात जातो. पुणे परिसरात ते बहुतेक वेळा येरवडा. तपास अधिकारी पत्र देतो आणि नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी परेड घेतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत याची रीत घालून दिली आहे. एका आरोपीसाठी किमान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं), दोघांसाठी दहा ते बारा. एका रांगेत शक्यतो दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. डमी वयाने, बांध्याने, रंगाने आरोपीशी मिळतेजुळते हवेत. आरोपीच्या गालावर व्रण असेल, तर त्या जागी सगळ्यांनाच चिकटपट्टी लावावी लागते. रांगेत कुठे उभं राहायचं हे आरोपी ठरवतो, हवं तर कपडे बदलतो. दोन पंचांसमक्ष एकेक साक्षीदार आत येतो, रांग न्याहाळतो आणि ओळख पटली तर त्या माणसाला हात लावून दाखवतो. बाहेर पडताना त्याची आणि पुढच्या साक्षीदाराची गाठ पडू द्यायची नाही. पुढचा साक्षीदार येण्याआधी आरोपीला पुन्हा जागा बदलण्याची मुभा असते.

या सगळ्या वेळात पोलीस तिथे नसतात. मुंबईतल्या लॉइड्स बँकेवर १९५१ साली पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला होता. पोलिसांच्या देखरेखीखाली साक्षीदाराने केलेली ओळख म्हणजे पोलिसांपुढे दिलेला जबाबच, आणि तसा जबाब पुरावा म्हणून चालत नाही.

परेडमध्ये बोट दाखवलं म्हणून आरोपीला शिक्षा होते, असंही नाही. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने शपथेवर कोर्टात केलेली ओळख. परेड तिला फक्त आधार देते, शिवाय तपास योग्य दिशेने चालला आहे का, हे पोलिसांनाही कळतं. मात्र परेडला उभं राहायला आरोपी नकार देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं.

आणि ओळखच चुकली तर? जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. वाचलेल्या महिलेने दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटो अल्बममधून चौघांकडे बोट दाखवलं. त्या चौघांना कुणी हातही लावला नाही. पकडले गेले ते भलतेच सहा जण. न्यायालयात त्यांची ओळखही पटली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे याच न्यायालयाने प्रकरण नव्याने ऐकलं, फोटो अल्बमवरच्या ओळखीची जुनी नोंद तपासली आणि मार्च २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर जवळपास सोळा वर्षं उलटली होती.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा खटला इतर मुद्द्यांबरोबर ओळखीवरही अडला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. शंभराहून जास्त दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीचालकांना एकदा पाहिलेला प्रवासी कसा आठवला, हा न्यायालयाचा प्रश्न होता. परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता, असंही निकालात म्हटलं आहे. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडलं नाही.

साक्षीदार खोटं बोलतो म्हणूनच चूक होते असं नाही. अमेरिकेत १९८४ साली अत्याचार झालेल्या एका तरुणीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम नीट पाहून ठेवला होता. आधी फोटोंमधून, मग रांगेतून तिने रोनाल्ड कॉटनला ओळखलं. पुढच्या सुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला, तर तिला तो ओळखू आला नाही. फोटोतला चेहरा तिच्या आठवणीत मूळ चेहऱ्याच्या जागी जाऊन बसला होता. डीएनए तपासणीने कॉटन सुटला तो १९९५ मध्ये.

फोटोची ही बाधा आता खिशाखिशात आहे. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणमध्ये बस आणि पोलिसांची वाहनं जळाली. पोलिसांनी सीसीटीव्ही आणि मोबाईल चित्रीकरणावरून माणसं शोधायला घेतली. शेकडो चेहऱ्यांच्या जमावात कुणी एकानेच कुणाला ओळखलं, तर न्यायालयं सावध होतात; सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या मसालती खटल्यापासून दोन-तीन साक्षीदारांचा एकसारखा दुजोरा मागण्याची पद्धत आहे. पण तेच चित्रीकरण आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरलेलं असेल, तर सकाळी परेडला येणारा साक्षीदार रस्त्यावर पाहिलेला चेहरा ओळखतो की मोबाईलवर पाहिलेला?

त्यामुळे राजगुरुनगरच्या कोर्टात चाकणचा एखादा खटला उभा राहिला, की आरोपीचे वकील परेडच्या आधीच्या दिवसांपासूनच सुरुवात करतात. अटकेपासून परेडपर्यंत किती दिवस गेले? आरोपीला गाडीतून उतरवताना बुरखा होता का? तशी नोंद स्टेशन डायरीत आहे का? आणि त्या दिवशी साक्षीदार जबाब द्यायला पोलीस ठाण्यात आला, तेव्हा बाकावर कोण बसलं होतं?